दहावी भूमिती: रेषेचा चढ काढताना चिन्ह का चुकतं?

सुरंगी

नमस्कार मंडळी. माझी भाची यंदा दहावीत आहे. राजापूर तालुका, मराठी माध्यम. गणपतीला गावी गेले होते तेव्हा तिची भूमितीची वही चाळली. निर्देशक भूमितीच्या प्रकरणात अंतराचं सूत्र येतं, विभाजनाचं सूत्र येतं, पण रेषेचा चढ आला की गाडी अडते. सूत्र तोंडपाठ आहे, तरी उत्तराचं चिन्ह हमखास उलटं.

उदाहरण देते. अ(−२, −३) आणि ब(४, १) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ काढा. वहीत आधी −१ लिहिलंय, ते खोडून खाली −२/३. उत्तर २/३ यायला हवं.

वर तिचे दोन प्रश्न आहेत, आणि मला ते रास्त वाटतात. एक, रेषेवरचे दुसरे कुठलेही दोन बिंदू घेतले तरी चढ तोच कसा येतो? दोन, आडव्या रेषेचा चढ शून्य, तर उभ्या रेषेचा "ठरवता येत नाही" असं का? मी कॉमर्सवाली. सूत्र सांगू शकते, कारण सांगता येत नाही. गावात क्लास नाही, त्यामुळे इथे विचारतेय. जरा सविस्तर लिहा, मी तिला फोनवर वाचून दाखवेन.

गडगा

सुरंगीताई, प्रश्न चांगले आहेत. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो, आणि या प्रकरणात मुलं अडतात ती साधारण याच जागी. टाइप करायला सोपं जावं म्हणून पुस्तकातल्या एक्स आणि वायऐवजी क्ष आणि य लिहितो.

चढ म्हणजे य मधला फरक भागिले क्ष मधला फरक: (य२ − य१) / (क्ष२ − क्ष१).

आधी वहीतली दोन्ही उत्तरं पाहू, कारण दोन्हींची कारणं वेगळी आहेत. −१ आलं ते (१ − ३) / (४ − २) असं केल्यामुळे. बिंदूतली ऋण चिन्हं सूत्रातल्या वजाबाकीत विरघळून गेली. कंस घालून लिहिलं असतं तर १ − (−३) म्हणजे ४ आणि ४ − (−२) म्हणजे ६ दिसलं असतं. −२/३ ची गोष्ट निराळी. तिथे चिन्हं नीट सांभाळली आहेत, पण वर "ब वजा अ" केलंय आणि खाली "अ वजा ब". अंशात ज्या बिंदूपासून सुरुवात केली त्याच बिंदूपासून छेदातही करायची, एवढंच बंधन आहे. दोन्हीकडे उलट केलं तरी चालतं: (−३ − १) / (−२ − ४) = −४/−६ = २/३. एकीकडे सुलट, दुसरीकडे उलट, हे चालत नाही.

पण मी तिला सूत्राला हात लावण्याआधी कच्ची आकृती काढायला सांगेन. आलेखाचा कागद नको, पट्टी नको. अ तिसऱ्या चरणात, डावीकडे खाली. ब पहिल्या चरणात, उजवीकडे वर. डावीकडून उजवीकडे जाताना रेषा वर चढते, म्हणजे चढ धन असलाच पाहिजे. मग −१ काय किंवा −२/३ काय, आकडेमोड न तपासताच दोन्ही बाद.

आता "चढ तोच कसा" याबद्दल. अ पासून ब पर्यंत ६ उजवीकडे आणि ४ वर. निम्म्या वाटेवर थांबली तर ३ उजवीकडे आणि २ वर, म्हणजे बिंदू (१, −१). ४/६ काय आणि २/३ काय, गुणोत्तर एकच. हे योगायोगाने होत नाही. रेषेवर कुठलेही दोन बिंदू घ्या, एकातून आडवी आणि दुसऱ्यातून उभी रेषा काढा, काटकोन त्रिकोण तयार होतो. असे लहानमोठे कितीही त्रिकोण काढले तरी आडव्या बाजू एकमेकींना समांतर, म्हणून रेषेशी होणारे संगत कोन सारखे. काटकोन तर सगळ्यांतच आहे. कोको कसोटीने सगळे त्रिकोण समरूप, आणि समरूप त्रिकोणांत बाजूंचं गुणोत्तर सारखं. समरूपतेचं प्रकरण तिचं झालं असेल, तिथला हा थेट उपयोग.

हे हाताने करून बघायचं असेल तर घराजवळची पाखाडी आणि मोजपट्टी पुरे. आमच्या घराकडे उतरणाऱ्या पाखाडीच्या पायऱ्या १४ इंच रुंद आणि ७ इंच उंच आहेत. पायऱ्यांच्या कडांवर सरळ काठी टेकवली तर त्या काठीचा चढ ७/१४ म्हणजे १/२. तीन पायऱ्या मिळून मोजल्या तर २१/४२, पुन्हा १/२. खाली वळणावर मात्र जागा कमी पडली म्हणून चिरे उभे बसवलेत. तिथे रुंदी १० इंच आणि उंची ८, म्हणजे चढ ४/५. वरच्या पायऱ्यांवर टेकणारी काठी वळणावर टेकत नाही. जिथे चढ बदलला तिथे सरळ रेषा संपली. एका रेषेचा चढ सगळीकडे सारखा असतो, त्याचा हाच अर्थ.

पागोळी

सरांशी सहमत, पण परीक्षेच्या दृष्टीने थोडं वेगळं सांगते. (मी गेल्या वर्षीच दहावी झाले.) आकृती काढण्यात माझा वेळ जायचा. त्यापेक्षा उदाहरण उतरवून घेतलं की लगेच प्रत्येक बिंदूच्या खाली क्ष१, य१, क्ष२, य२ लिहायचं आणि सूत्रात किंमती ठेवताना ऋण संख्येला कंस घालायचाच. पायऱ्यांना गुण असतात, कंस दिसला की तपासणाऱ्यालाही कळतं की मुलीला येतंय.

गडगा

पागोळी, तुझी सवय उत्तम आहे, ती सोडू नकोस. मी म्हणतोय ती आकृती उत्तरपत्रिकेत काढायची नाहीच. शेवटच्या पानावर दोन ठिपके आणि एक रेघ, अक्षांवर आकडेसुद्धा नकोत. फक्त रेघ चढते की उतरते ते बघायचं. कंसाने चूक टळते. तरीही झालीच तर ती या रेघेमुळे पकडता येते. दोन्ही हवं.

तिरफळ

मी सुतारकाम करतंय, कुडाळाक. आमचो रोजचो विषय म्हणान लिवतंय. कौलारू घराची रुंदी २४ फूट आसली तर आढां (छपराच्या माथ्यारचा आडवा लाकूड) मधी, १२ फुटार. उंची ७ फूट धरूची. म्हणजे १२ फुटाक ७ फूट चढ. ह्येच्यापेक्षा कमी धरलास तर आषाढात वाऱ्याबरोबर पाणी कौलाखालसून आत येता.

पोरीक छपराचा चित्र काढूक सांगा. डावीकडच्या वाशाचा खालचा टोक (०, ०), आढां (१२, ७), उजवीकडचा टोक (२४, ०). दोन्ही पाख्यांचो चढ काढूंदे. घरात बसान वर बघलान तरी समाजतला.

सुरंगी

तिरफळ दादा, तुमचं छप्पर फारच कामी आलं! तिने डाव्या पाख्याचा चढ ७/१२ काढला आणि उजव्याचा (० − ७) / (२४ − १२) = −७/१२. चिन्हं या वेळी अजिबात चुकली नाहीत. पण लगेच म्हणाली, "आत्या, दोन्ही पाखे सारखेच कललेत, पाणी दोन्हीकडून सारखंच पडतं, मग एक धन आणि एक ऋण का?" गडगा सर, सांगा.

गडगा

कारण चढ या एका संख्येत दोन गोष्टी असतात. किती कललीय ते आकड्यात, कुठल्या बाजूला ते चिन्हात. क्ष-अक्षावर आपण डावीकडून उजवीकडे वाढत्या क्रमाने मोजतो, म्हणून प्रत्येक रेषा डावीकडून उजवीकडे वाचायची असं ठरलेलं आहे. तसं वाचलं की डावा पाखा चढतो आणि उजवा उतरतो. घराला पलीकडून प्रदक्षिणा घालून मागून पाहिलं तर चिन्हांची अदलाबदल होईल, आकडा ७/१२ च राहील.

हेच कोनातून बघा. रेषा क्ष-अक्षाच्या धन दिशेशी जो कोन करते त्याचा टॅन (काटकोन त्रिकोणात कोनासमोरची बाजू भागिले लगतची बाजू) म्हणजे चढ. डाव्या पाख्याचा कोन ३० अंशांहून किंचित जास्त येतो (टॅन ३०° म्हणजे ०.५७७, आणि ७/१२ म्हणजे ०.५८३). उजव्या पाख्याची रेषा वाढवली तर ती क्ष-अक्षाच्या धन दिशेशी साधारण १५० अंशांचा विशालकोन करते. धन चढ असला तर लघुकोन, ऋण असला तर विशालकोन. दहावीला एवढं पुरे.

याच आकृतीत आणखी एक पाहण्यासारखं आहे. तिला (०, ०) आणि (२४, ०) हे दोनच बिंदू घेऊन चढ काढायला सांगा. शून्य येईल. खोटं काहीच नाही, त्या दोन टोकांना जोडणारी रेषा आडवीच आहे. पण मधे सात फूट उंच आढं आहे याचा पत्ता त्या शून्यात लागत नाही. सूत्र दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेबद्दल बोलतं. मधला रस्ता सरळ आहे की नाही, ते आपण वेगळं तपासायचं.

सड्यावरचा

चांगला धागा आहे. मी रस्ते आणि गटारांच्या कामावर लेव्हल घेतो, म्हणजे जागोजागची उंची मोजतो, आमचा दिवसच ढाळ मोजण्यात जातो. मुलांचा एक गोंधळ नेहमी दिसतो, तो इथे मांडतो.

कोकण रेल्वेच्या मार्गावर रूलिंग ग्रेडियंट, म्हणजे मार्ग आखताना ठरवलेला जास्तीत जास्त चढ, १५० त १ आहे. बोरघाटात तो ३७ त १ आहे. आमच्याकडे शिकायला आलेल्या मुलाला विचारलं की जास्त चढाचा मार्ग कुठला, तर तो पटकन म्हणतो कोकण रेल्वे, कारण १५० मोठा. पण चढ आहे १/१५० आणि १/३७. छेद मोठा म्हणजे तेवढंच एक मीटर चढायला आडवं अंतर जास्त मिळालं, म्हणून चढ सौम्य. दीड किलोमीटर गेल्यावर कोकण रेल्वे फार तर १० मीटर चढेल, तेवढ्याच अंतरात बोरघाटात ४० मीटर होतील. म्हणून तर कर्जतहून वर जाणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. डोंगर कोकणातही कमी नाहीत, पण इथे चढ सौम्य ठेवायचा म्हणून डोंगर पोखरले आणि दऱ्यांवर पूल बांधले. ६.५ किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा आणि रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंचीचा पानवल नदीवरचा पूल, दोन्हींच्या मागे हा छोटासा अपूर्णांक आहे.

भाची रेल्वेने जात असेल तर तिला रुळाच्या कडेचे ग्रेडियंट पोस्ट दाखवा. छोट्या खांबाला दोन बाजूंना हात असतात. पुढे चढ असेल तर हात वर कललेला, उतार असेल तर खाली, आणि त्यावर आकडा. आकडा म्हणजे छेद, हाताची दिशा म्हणजे चिन्ह. निर्देशक भूमितीतलंच सगळं, खांबावर लावलेलं.

खाडीपलीकडे

वाचून खूप बरं वाटलं. मी नववी-दहावीला शिकवते. वर्गातला एक प्रसंग इथे मांडते, कारण मला तो महत्त्वाचा वाटतो.

एका मुलाने (०, ०) आणि (४, ४) मधून रेषा काढली. चढ १ आला, म्हणजे कोन ४५ अंश. त्याने कोनमापक लावला तर कोन साधारण साडेसव्वीस अंश भरला. पुन्हा लावला, तेवढाच. मुलगा हुशार आहे, तो ठामपणे म्हणाला की टॅनचं सूत्र चुकीचं आहे. मी त्याची वही पाहिली. क्ष-अक्षावर त्याने १ सेंमी = १ एकक घेतलं होतं आणि जागा पुरावी म्हणून य-अक्षावर १ सेंमी = २ एकक. कागदावर रेषा ४ सेंमी उजवीकडे गेली आणि फक्त २ सेंमी वर. कोनमापकाने कागदावरचा कोन मोजला, आणि तो बरोबरच मोजला.

त्याला मी सांगितलं की दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखं असेल तरच कोन मोजून पडताळा घेता येतो. पण इतर मुलांना ते कितपत पोचलं याची मला खात्री नाही. पुस्तकातल्या आकृत्या सारख्याच प्रमाणात असतात, त्यामुळे हा मुद्दा समोरच येत नाही.

सड्यावरचा

ताई, त्या मुलाला आमच्याकडे पाठवा. रस्त्याचा लांबीतला छेद (अपूर्णांकातला नव्हे, रस्ता लांबीने उभा कापला तर दिसेल ती आकृती) काढताना आम्ही मुद्दाम हेच करतो. आडवं प्रमाण १:१००० असेल तर उभं १:१००. १५० त १ चा चढ खऱ्या प्रमाणात काढला तर तो अर्ध्या अंशाहूनही कमी भरतो, डोळ्यांना आडवी रेघच दिसते. उभं प्रमाण दहापट केल्यावर तोच चढ कागदावर १५ त १ दिसतो, मग चढ-उतार नजरेत भरतात. पण साइटवर चढ सांगताना कोणीही त्या कागदावर कोनमापक लावत नाही. लिहिलेल्या लेव्हल वाचायच्या, वजाबाकी करायची, अंतराने भागायचं.

गडगा

खाडीपलीकडे, तुमच्या त्या विद्यार्थ्याचं मनापासून कौतुक. हातात कोनमापक घेऊन सूत्राला आव्हान देणारा मुलगा वर्गात असणं ही मोठी गोष्ट आहे.

चढ आकड्यांवरून येतो, कागद कसाही ताणला तरी तो बदलत नाही. कोन बदलतो. म्हणून टॅनचं नातं दोन्ही अक्षांवरचं एकक सारख्याच लांबीचं असेल तेव्हाच कागदावर दिसतं. पुढे तर असे आलेख येतात जिथे दोन अक्षांवर दोन वेगळ्या जातीच्या राशी असतात. बंदरावर आडव्या अक्षावर तास आणि उभ्या अक्षावर पाण्याची उंची घेतली, तर त्या आलेखातल्या कोनाला काही अर्थ नाही, पण चढाला आहे. पाणी दर तासाला किती मीटर चढतंय ते तो सांगतो. आणि भरतीचा आलेख सरळ रेषा नसते. भरती लागताना पाणी सावकाश चढतं, मधल्या तासांत सगळ्यात वेगाने, पुन्हा माथ्याजवळ मंद. होडी घालणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. वक्ररेषेचा चढ जागोजागी बदलतो, तो कसा काढायचा ते अकरावी-बारावीत येतं. तिथे पोचेपर्यंत सरळ रेषेचा चढ पक्का हवा, म्हणून मी या एका पाठावर इतका अडून बसतो.

सुरंगी

उभ्या रेषेचं राहिलंच की सर. ती आजही विचारत होती.

गडगा

हो, ते राहिलं. (३, −२) आणि (३, ५) घ्या. अंश ५ − (−२) = ७, छेद ३ − ३ = ०. सात भागिले शून्य म्हणजे अशी संख्या शोधायची जिला शून्याने गुणल्यावर सात येतील. तशी संख्याच नाही. आडव्या रेषेत नेमकं उलट होतं: अंश शून्य, छेद शून्य नाही, म्हणून उत्तर ठणठणीत शून्य. शून्य हा चढ आहे, "ठरवता येत नाही" म्हणजे चढ नावाची संख्याच नाही.

काही मुलं इथे "अनंत" लिहून मोकळी होतात. तेही का चालत नाही ते बघा. वरचं टोक किंचित उजवीकडे सरकवा, (३.१, ५). चढ ७/०.१ = ७०. आता किंचित डावीकडे, (२.९, ५). चढ ७/(−०.१) = −७०. उभ्या रेषेच्या एका बाजूने जवळ गेलो तर चढ धन बाजूला वाढत सुटतो, दुसऱ्या बाजूने गेलो तर ऋण बाजूला. मधल्या उभ्या रेषेला यातली कुठली बाजू द्यायची? म्हणून "चढ ठरवता येत नाही" असंच लिहायचं.

आता तिला ही उदाहरणं द्या. उत्तरं इथे टाका.

१) क(७, प) हा बिंदू पहिल्याच उदाहरणातल्या अब रेषेवर आहे. प काढ.

२) अ(०, १), ब(४, ३), क(५, ७), ड(१, ५) हे समांतरभुज चौकोनाचे शिरोबिंदू आहेत का?

३) (−५, २) आणि (−५, −६) यांतून जाणाऱ्या रेषेचा चढ काढ.

पागोळी

सर, अकरावीत आता लंब रेषांचं सुरू झालंय. चढांचा गुणाकार −१ येतो हे पाठ केलं, पण का ते कळलं नव्हतं. तुमची पाखाडी वाचून करून बघितलं. २ उजवीकडे, १ वर असा त्रिकोण कागदातून कापला आणि काटकोनात फिरवला. "२ उजवीकडे" चं झालं "२ वर", आणि "१ वर" चं झालं "१ डावीकडे". म्हणजे चढ १/२ वरून २/(−१) = −२. अंश-छेद उलटले आणि चिन्ह बदललं, म्हणून गुणाकार −१!

गडगा

अगदी बरोबर, पागोळी. फक्त एक रेषा आडवी आणि दुसरी उभी असेल तिथे हा नियम लावू नकोस. उभ्या रेषेला चढच नाही, गुणाकार कशाचा करणार? त्या दोन लंब आहेत हे थेट लिहायचं.

तिरफळ

आमचो गुण्या (काटकोन तपासूचा हत्यार) ह्येच काम करता. आता त्येचा गणित पण समाजला.

सुरंगी

भाचीची उत्तरं आली. तिने पाठवलेला फोटो बघून लिहितेय.

१) अब चा चढ २/३. ब पासून क पर्यंत ३ उजवीकडे, म्हणून २ वर. प = ३. (सूत्राने पण करून पाहिलंय: (प − १) / ३ = २/३.)

२) अब चा चढ १/२, डक चा १/२, बक चा ४, अड चा ४. समोरासमोरच्या बाजू समांतर, म्हणून समांतरभुज चौकोन.

३) अंश −८, छेद ०. चढ ठरवता येत नाही.

आणि दुसऱ्याच्या खाली पेन्सिलीने लिहिलंय: "चारही बिंदू एकाच रेषेवर असते तरी समोरचे चढ सारखेच आले असते ना?"

गडगा

तिन्ही बरोबर. आणि पेन्सिलीने लिहिलेला प्रश्न पेनाने लिहायला सांगा, तो तितकाच मोलाचा आहे. चारही बिंदू एकरेषीय असतील तर सगळे चढ सारखे येतात आणि चौकोनच होत नाही. म्हणून उत्तरात एक ओळ वाढवायची: "अब चा चढ १/२ आणि बक चा चढ ४, दोन्ही भिन्न आहेत, म्हणून अ, ब, क एकरेषीय नाहीत." मग उत्तराला कुठूनही हात घालता येणार नाही. चौकोनाच्या दोन बाजू उभ्या निघाल्या तर त्यांचे चढ सारखे आहेत असं लिहू नये. त्या प्रत्येक बाजूवरच्या दोन्ही टोकांचा क्ष निर्देशक सारखा आहे हे दाखवायचं आणि दोन्ही य-अक्षाला समांतर, म्हणून परस्परांना समांतर, असं लिहायचं. तसं एक उदाहरण तिने स्वतःच तयार करून सोडवावं आणि इथे टाकावं, मी तपासतो.